मायावाद, कांदा आणि कबड्डी

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला आत्मा आहे की नाही याची घाई नसते. तो प्रश्न निवृत्तीनंतर सवडीने सोडवता येतो. घाई असते ती 'पेपर कुठे टाकायचा?' याची. कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल तिथेच अडते, आणि फाइल अडली की पगारही अडतो.

भाबडी माणसं परदेशाकडे बघतात. इंग्लंडात १८७६पासून निघणारं 'माइंड' हे जर्नल आहे. यंत्र विचार करू शकतं का, हा ट्युरिंगचा लेख १९५०मध्ये त्यातच आला. पण तिथले परीक्षक लेख वाचतात. वाचण्यात महिने घालवतात आणि वर नकार कळवतात. तोवर मुलाखत उरकलेली असते. शिवाय छापण्याचे पैसे मागत नाहीत. अशा फुकटच्या मालावर कोणाचा विश्वास बसणार?

त्यापेक्षा रोज सकाळी येणारा एखाद्या जर्नलचा मेल उघडावा. सुरुवात 'आदरणीय विद्वान महोदय', पुढचं नाव भलत्याच कोणाचं. मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल, नावात 'इंटरनॅशनल' आणि 'मल्टिडिसिप्लिनरी', आयएसएसएन नंबर ठळक, इम्पॅक्ट फॅक्टर त्याहून ठळक. पेपर आज, परीक्षण उद्या, प्रमाणपत्र परवा. पैसे तेवढे आत्ता, यूपीआयने. एकाच अंकात शंकराचार्यांचा मायावाद, कांद्याची निर्यात आणि कबड्डीपटूंची फुप्फुसं शेजारी-शेजारी नांदतात. अद्वैत याहून वेगळं काय असतं!

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, या अद्वैतात भेद करून पाहिला. मे २०१८मध्ये ४,३०५ जर्नलं आपल्या मान्यताप्राप्त यादीतून एका फटक्यात उडवली. मग 'केअर' यादी आली. तिचा कारभार पुण्याच्या विद्यापीठातून चाले. लगेच यादीतल्या जर्नलांच्या नावाने बनावट संकेतस्थळं निघाली, आणि दोरी कोणती, साप कोणता, हा वर्गात शिकवायचा प्रश्न सरांना पैसे भरताना पडू लागला. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. चांगलं जर्नल कोणतं, हे आता संस्थांनीच ठरवायचं. म्हणजे प्राचार्यांनी. म्हणजे ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी.

एकेकाळी अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून इंग्रजी 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघायचं. गिरणीमालक प्रताप शेठजी पदरमोड करून तत्त्वज्ञान पोसत. आता ती पदरमोड लेखक करतो; शेठ कोण, ते कळत नाही.

ही पदरमोड ज्या गुणांसाठी, त्यांचा हिशेबही समजून घ्या. २०१८च्या नियमावलीत मानव्यविद्यांच्या एका निबंधाला दहा गुण आहेत. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला सत्तर टक्के. सात आणि सात, झाले चौदा. सत्य वाटल्याने वाढतं, हे संत सांगून थकले. आयोगाने कोष्टकात बसवलं.

अमेरिकेतले तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांना हे कोणी सांगितलं नाही. १९६३मध्ये 'अ‍ॅनालिसिस'मध्ये त्यांचा तीन पानांचा लेख आला, एकट्याच्या नावावर. ज्ञान म्हणजे सकारण सत्य समजूत, ही व्याख्या त्या लेखाने खिळखिळी केली. साठ वर्षं झाली, जगभरचे तत्त्वज्ञ अजून डागडुजी करताहेत. गृहस्थांनी पुढे फारसं काही छापलंच नाही. आपल्या छाननी समितीपुढे ते आले असते तर गुण मिळाले असते दहा. थेट प्राध्यापकपदाला लागतात १२०.

तेव्हा नवख्या सरांनी आणि मॅडमनी लेखात नवीन काही सांगण्याच्या फंदात पडू नये. पैसे भरल्याची पावती जपावी आणि सहलेखक आधीच हेरून ठेवावा. शक्यतो छाननी समितीतलाच.