प्रिंटरचं अभ्यंगस्नान

खिडकीतून झड आली आणि आमच्या प्रिंटरला अभ्यंगस्नान घडलं. शेजारचे काका म्हणाले, "तांदळात ठेव." मोबाइलचं ठीक आहे हो, पण प्रिंटर पुरायला रेशनचं अख्खं पोतं लागलं असतं! सर्व्हिस सेंटरवाल्याने झाकणही न उघडता निदान केलं, "नवीन घ्या, सर."

मग आम्हीच डॉक्टर. प्लग काढला, कार्ट्रिज उपसले, पंख्याखाली चार दिवस पापडासारखा वाळवला. तरी छपाईचं हेड आपलं धाडकन कडेला आपटायचं. आत एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा. त्या मोजूनच हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. नेमका तिथेच गढूळ थेंब वाळलेला. ओलसर मऊ फडक्याने हलकेच पुसला आणि चाललं की यंत्र!

पडद्यावर पहिलाच संदेश: निळी शाई संपली, छपाई होणार नाही. छापायचं होतं काळं. निळी गेली कुठे? पट्टी पुसल्यावर तीन वेळा हेड साफ करून घेतलं ना, त्यात. नव्या कार्ट्रिजची किंमत ऐकली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो मशीनवर रेक्झिन घालत होता. पाऊस येणार होता म्हणे.