मार्चचे साहेब

नवे साहेब बदलून आले की हाताचे सढळ आहेत की घट्ट, याची चौकशी आमच्या लेखा शाखेत सर्वांत आधी होते. विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, महिना कोणता?

एप्रिल ते जानेवारी साहेब पाठकोऱ्या कागदांवर संसार करतात. शिपाईमामांनी जुलैत दोन झाडू मागितले, तर शेरा आला: ‘आधीच्या झाडूंच्या निर्लेखनाबाबत खुलासा करावा.’ मामांनी उरलेला दांडा थेट टेबलावर ठेवला. पण खुलासा लेखी नव्हता, म्हणून अमान्य.

फेब्रुवारीत वित्त विभागाचं पत्र येतं, वर्षअखेरीस खरेदीची घाई करू नये. साहेब ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचताना डोळा मात्र ‘बीम्स’ या अनुदान वाटपाच्या संगणक प्रणालीवरच्या अखर्चित रकमेवर. केंद्र सरकारनं तर आकडेच बांधून दिलेत, शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चात १५ टक्के, याच्या वर नाही. असे आकडे बांधून द्यावे लागतात, यावरून आमचे साहेब देशात एकटे नाहीत एवढं कळतं.

मार्चात ते टेबलाटेबलाशी येऊन उभे राहतात. “भाऊसाहेब, काहीतरी सुचवा ना!” आवाजात मुलीसाठी स्थळ शोधणाऱ्या बापाची अजिजी. मी गळक्या छताची दुरुस्ती सुचवली. पण छत पडतं ‘लहान बांधकामे’त आणि पैसे उरलेत ‘संगणक खर्चा’त. एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात न्यायचा तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वर जाणार आणि तो खाली येईपर्यंत पावसाळा येणार. म्हणून चार प्रिंटर आले. तीन दरपत्रकं दुपारपर्यंत हजर झाली. तिन्हींत ‘प्रिंटर’ची वेलांटी सारखीच चुकलेली. प्रिंटर ठेवायला कोरडी जागा तेवढी मिळेना.

साहेब उधळे नाहीत हो. घरी कोथिंबिरीची काडी फुकट घेतल्याशिवाय भाजीवाल्यासमोरून हलत नाहीत. पण आधीच्या कार्यालयात त्यांनी एकदा प्रामाणिकपणे पैसे वाचवले. ते ३१ मार्चला व्यपगत झाले, आढावा बैठकीत सर्वांसमोर उभं राहावं लागलं आणि पुढल्या वर्षीचं अनुदान नेमकं तेवढंच कापून आलं. गरज नव्हती म्हणूनच उरले ना, असं वरचं म्हणणं. महाराष्ट्रानं १९८६-८७ मध्ये शून्याधारित अर्थसंकल्प आणला. मागचं वर्ष विसरून प्रत्येक खर्चाची गरज नव्यानं पटवायची, अशी ती कल्पना. साहेबांनी तिच्यातलं शून्य तेवढं उचललं, ३१ मार्चला शिल्लक शून्य.

त्या रात्री कोषागार उशिरापर्यंत उघडं असतं. बिल पास झाल्याचा फोन आला आणि साहेबांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना वडापाव खिलवला. चहाला ‘कार्यालयीन खर्चा’त दमडी उरली नव्हती.

मामांनाही त्याच मार्चात न्याय मिळाला. झाडूंऐवजी व्हॅक्यूम क्लीनर आला. व्हरांड्यात प्लग नाही, त्यामुळे त्याच्यावर मामांचा डबा असतो. लेखापरीक्षकांनी लिहिलं, ‘यंत्र विनावापर पडून.’ साहेबांनी ऑगस्टात अनुपालन पाठवलं: ‘प्लग बसविण्याचा प्रस्ताव सादर केला असून निधी उपलब्ध होताच कार्यवाही करण्यात येईल. दरम्यान स्वच्छतेसाठी दोन झाडूंची मागणी विचाराधीन आहे.’