पोक काढण्याची पद्धत

मराठीत ‘पोक काढणे’ म्हणजे पाठ वाकवून बसणे. गेलेली पाठ परत आणायला क्रियापद कोणतं, हे भाषेनं ठरवलेलं नाही. चांदूर बाजारात तशी गरज आजवर पडली नसावी. सबब हे मार्गदर्शन.

आधी निदान. पानठेल्यापुढच्या खुर्चीतला माणूस बाजूनं बघावा. कान खांद्याच्या रेषेत हवा. तो मोबाइलच्या दिशेनं वीतभर पुढे निघालेला असतो. डोकं साधारण ५ किलोचं. मान ६० अंश वाकली की मणक्यावर २७ किलोंचा भार येतो, असा हिशेब २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदानं मांडला. म्हणजे मानेवर संत्र्यांचं भरलं कॅरेट. हमाल ते फुकट उचलत नाही. आपण रीलपायी उचलतो.

व्यायाम: हनुवटी सरळ मागे ओढून ५ सेकंद धरावी, असं १० वेळा. हा प्रयोग चौकात करू नये. समोरच्याला वाटतं, आपण तोंड फिरवलं. “का झालं गा, वास येऊन राह्यला का?” असं मला दोनदा विचारण्यात आलं.

भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून उभं राहणंही चांगलं; घरमालक आतून बोलवेपर्यंत. आपल्याच जिल्ह्यातलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये निघालं, १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी दाखवून आलं. आपण मल्लखांबाऐवजी विजेचा खांब धरला, टेकायला.

सवयी: अर्ध्या तासाला उठावं. चहासाठी उठलात तरी चालेल, पण चहा आणायला पोराला पाठवू नये. खुर्चीत दुपट्ट्याची गुंडाळी कमरेच्या पोकळीत ठेवावी. फुकट आहे, म्हणून कोणी ठेवत नाही. बाजेला झोळ पडला असेल तर ती आवळून घ्यावी.

कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला हे मार्गदर्शन लागू नाही. तिची मजुरी किलोवर असते. तिला ‘ताठ राहा’ सांगणाऱ्यानं आधी एक तास वेचून दाखवावं.

आता उपकरणं. मी खांदे मागे ओढणारा पट्टा घेतला. नव्या ऐटीत तो शर्टाआत घालून रोडग्यांच्या पंगतीला बसलो. पत्रावळ जमिनीवर, मी ताठ. हात वांग्याच्या भाजीपर्यंत गेला, पण तोंड काही खाली येईना. वरणाचा पहिला घास अर्ध्या वाटेत छातीवर सांडला. शेजारचे मामा बराच वेळ बघत होते. “आंगात काई भरलं का भाऊ? वाक ना जरासा!” वाकलो, तर पट्ट्याचा हूक तटकन सुटला आणि वाढपी दोन पावलं मागे सरला.

पट्ट्याची गोम अशी की स्नायूंचं काम तो करतो, स्नायू बसून राहतात. काढला की पाठ पुन्हा मूळ गावी. आमच्याकडे टेकू संत्र्यालाच शोभतो. आंबिया बहाराचं फळ भरलं की फांदी वाकायच्या आत तिच्याखाली बांबू लागतो. बापाची कंबर वाकली, तर ‘वय झालं’.

यंदा एका फांदीला बांबू बांधायला सुतळी पुरली नाही. पट्टा चांगला लांब आहे, बकलही घट्ट बसतं. फळ तुटेपर्यंत तो कोणी मागू नये.