ओळखीची गाडी नको

हॅरो, लंडन

ती. दादा व सौ. वहिनीस,

दिवाळीला आम्ही धारवाडला येतोय. बेंगळुरूपासून रेल्वेनं, गाडी हुबळीपर्यंतच आहे. तू कळवलंस, 'स्टेशनवर ओळखीच्या माणसाची गाडी पाठवतो.' दादा, पाया पडते, ओळखीची गाडी नको! परक्या टॅक्सीवाल्याशी घासाघीस तरी करता येते. ओळखीचा 'द्या हो काय द्यायचं ते' म्हणतो आणि आपण भिडेखातर दुप्पट देतो. वर वाटेत त्याचं गिरमिट, मिरची-भजी आपल्याच खिशातून.

त्यात ती गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. आपण स्वतः चालवायची भाड्याची गाडी असेल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं. खासगी गाडी भाड्यानं घेतली आणि कुठं ठोकली, तर विमा कंपनी हात वर करते. पोलिसांनी अडवलं तर काय सांगायचं, तेही तो ड्रायव्हर पढवून ठेवतो. मागच्या खेपेला मी त्याची सख्खी मावशी होते! म्हणून ह्या खेपेला अनमोड घाटातून गोव्याला जायचं ते रीतसर पाटीच्याच गाडीनं.

इथं हीथ्रोवरही बाहेर पडलं की कुणीतरी कानाशी गोड आवाजात 'टॅक्सी?' म्हणतं. हात दाखवून थांबवायची ती फक्त काळी कॅब. मिनीकॅब आधी बुक केलेलीच हवी. आपण होऊन विचारायला येतो त्याच्याकडे बघायचंच नाही.

तुझे मेहुणे तर भाड्याच्या गाडीला फोन घेऊन प्रदक्षिणाच घालतात. रिमा, काचा, पेट्रोलचा काटा, सगळ्याचे फोटो. बंपरवरचा नखाएवढा ओरखडासुद्धा काउंटरवरच्या पोराकडून कागदावर लिहून घेतात. ते पोरगं सुस्कारे टाकतं, मी दुसरीकडे बघते. पण एकदा गाडी परत देताना तोच ओरखडा 'नवा' ठरवून आमच्या कार्डातून पैसे कापायला निघाले, तेव्हा ह्यांनी फोटो पुढं केला. तेव्हापासून मी जरा कमी हसते.

हुबळीचा प्लॅटफॉर्म १,५०७ मीटरचा, जगात सर्वांत लांब! बॅगा ओढत बाहेर येईपर्यंत माणूस मागतील ते भाडं द्यायला तयार होतो. रिक्षावाल्यानं 'मॅडम' म्हटलं की मी 'एष्ट री?' (किती हो?) विचारणार, कन्नड ऐकलं की आकडा आपसूक उतरतो. पण त्याचीही गरज नाही. धारवाडपर्यंत चिगरी बस आहे ना, एसी आणि तिकिटाचे पैसे ठरलेले. ज्युबिली सर्कलला उतरू. तिथं तू स्कूटर घेऊन ये, मोठी बॅग तेवढी पुढं ने.

भाडं काय घेशील ते मात्र आधी कळव.

तुझी,
ताई