गवार जून है

रिक्षाच्या मागच्या काचेवर 'आई एकविरा प्रसन्न' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. समोर कार्ल्याच्या देवीचा फोटो, रेडिओवर कोळीगीत. रिक्षावाला फोनवर कुणाला तरी सांगतोय की हळदीला माणूस लय येनार, जेवान कमी पडाया नको. इतका भक्कम पुरावा डोळ्यांसमोर असताना भाऊकाका आत बसतात, पिशवी मांडीवर घेतात आणि म्हणतात, "भैय्या, स्टेशन चलेंगे?"

"काका, मी इथलाच हाय. आगरी."

"अच्छा, अच्छा. फिर मानपाडा रोड से मत लो, उधर ट्रॅफिक है."

तुमच्याही ओळखीत एक भाऊकाका असणारच, तेव्हा प्रस्तावना करत बसत नाही. आमचे डोंबिवलीत, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना मराठी कमी येतं असा कुणाचा समज व्हायला नको. रविवारचं शब्दकोडं ते थेट पेनाने सोडवतात. सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी 'पाणि येणार नाहि' असं लिहिलं, तर खिशातून खडू काढून दोन्ही वेलांट्या दुरुस्त करतात आणि मगच पाणी भरायला वर जातात. काकू म्हणतात, "एकदा वेलांटी नीट करेपर्यंत नळ गेला होता."

पण हा शुद्धलेखनाचा कैवारी उंबरा ओलांडतो आणि त्याची जीभ फिरते. काकांच्या जगात दोनच प्रकारची माणसं आहेत : ओळख झालेली आणि हिंदी. मध्ये काही नाही. कुत्रा तेवढा अपवाद, त्याच्याशी ते इंग्रजीत बोलतात. गेटवरचा टायगर आमच्याच ट्रान्सफॉर्मरखाली जन्मला, डोंबिवलीबाहेर कधी गेला नाही, पण काकांच्या तोंडून त्याने आजवर 'नो', 'सिट' आणि 'गो होम' याखेरीज काही ऐकलेलं नाही. घर नसलेल्या कुत्र्याला गो होम. डॉक्टरकडेही इंग्रजीच, घरी पोट बिघडतं, दवाखान्यात लूज मोशन होतात. असो. इंग्रजीचा रोग सगळ्यांनाच आहे, त्यावर वेगळं काय लिहायचं? काकांचा खास प्रांत हिंदीचा.

आणि हिंदी तरी कसली! कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे रोज सकाळी तिचा जाहीर कार्यक्रम असतो. भाजीवाला आझमगढचा. डोंबिवलीत येऊन त्याचे निम्मे केस पिकले.

"ये गवार जून है," काका सुरुवात करतात.

"नाही हो काका, कोवळी आहे. पहाटेच आणली मार्केटातून."

"कोवळा कैसा? ये देखो, शिर निकलता है." एक शेंग मोडून, तिची शीर लांबलचक ओढून काका भाजीवाल्याच्या नाकासमोर धरतात.

"ती एकच निघाली. दुसरी मोडून बघा ना."

काका दुसरी मोडतात. तिचीही शीर निघते. भाजीवाला शांतपणे दोन्ही शेंगा बाजूला ठेवतो. "आता या ढिगात जून एकही नाही."

"पाव किलो देव. और कढीपत्ता टाको उसमें. कंजूशी मत करो."

"टाकतो की. कोथिंबीर देऊ? निवडून ठेवलीय."

"नको. घर में पडेला है."

या 'नको'कडे लक्ष द्या. काकांच्या हिंदीत 'नहीं चाहिए' नाही. नकार द्यायची वेळ आली की मूळ माणूस बाहेर येतो. एरवी रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या त्रयस्थाने हा संवाद ऐकला, तर काका आझमगढहून आलेत आणि भाजीवाला पिढीजात इथला, असंच तो छातीठोकपणे सांगेल. फक्त आझमगढची माणसं गवारीला जून का म्हणतात, एवढा प्रश्न त्याला पडेल.

मी एकदा काकांना धीर करून विचारलं, "काका, तो मराठीत बोलतोय, मग तुम्ही हिंदीत का?"

"त्याला समजायला नको का?" काका म्हणाले.

प्लंबरचा प्रसंग तर मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, पोहे खात खात पाहिला. काकू गावाला गेल्या होत्या, सिंकचा नळ गळत होता. प्लंबर तिशीतला, अबोल, पान्याची पिशवी खांद्याला.

"ये देखो, नळ गळता है. रात को थेंब थेंब आवाज आता है, झोप नहीं लगता," काका म्हणाले.

"वायसर गया होएंगा," प्लंबर म्हणाला. या घरात हिंदी चालते हे त्याने ताडलं होतं.

"वायसर नया है. दिवाळी में बदला. आटा झिजा होगा."

"आटा तो बराबर दिखता. पॅकिंग ढिल्ला पडा असणार."

'असणार' ऐकून मी काकांकडे पाहिलं. काका नळाकडे पाहत होते. पुढची दहा मिनिटं त्या स्वयंपाकघरात दोन माणसं जी भाषा बोलत होती, तिला उत्तर भारतात कुठेही आश्रय मिळाला नसता. 'पाना सरकता है', 'इधर बोट घालो', 'मैं पकडके धरता, तुम पिळो'. मग प्लंबरचा फोन वाजला. ओल्या हाताने त्याने तो कानाला लावला. "आये, कामावर हाय गं. मागनं करतो. व्हय, जेवलो."

मला वाटलं, संपलं. आता काका हसतील, कपाळावर हात मारतील, चहा टाकतील.

काकांनी विचारलं, "अरे, तुम मराठी है क्या?"

"हां. सातारा."

"साताऱ्यामें किधर?"

"पाटण तालुका."

"अरे वा! हमारी आईका माहेर उधरच है! कोयना के काठ पे!"

"क्या बात करता, काका!"

दोघांचे डोळे चमकले. मग पाटणच्या पावसावर, धरणावर, एसटीच्या वेळांवर आणि कुणाकुणाची जमीन पाण्याखाली गेली यावर अर्धा तास गप्पा झाल्या. सगळ्या हिंदीत. एकाच नदीकाठची दोन माणसं भेटल्याच्या आनंदात कंठ दाटून बोलत होती आणि मधे मी एकटा मराठीत पोहे खात होतो.

सांगली-मिरजेजवळच्या कुपवाड गावाचं नाव भाषाशास्त्राच्या पुस्तकांत येतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी तिथल्या बोलीव्यवहारावर एक निबंध लिहिला, तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. गावात जैनांची कानडी, मुसलमानांची उर्दू, शिवाय मराठी आणि थोडी तेलुगू. कित्येक पिढ्या शेजारी राहून या भाषांची वाक्यं आतून इतकी सारखी झाली होती, की एकीतलं वाक्य दुसरीत न्यायला बहुतेक वेळा शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भागे. व्याकरण एकच, वर कपडे निराळे. हे वाचलं तेव्हा मला भाऊकाकांचं 'मेरे को चक्कर आयेला सारखा होता है' आठवलं. कुपवाडकरांना जे साधायला पिढ्या लागल्या, ते काकांनी एकट्याने, हयातीत करून दाखवलं.

त्या निबंधातली दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. कुपवाडात घरी ज्याची त्याची भाषा, पण चारचौघांत एकमेकांशी मराठी. कारण गावातल्या दोन्ही वजनदार गटांपैकी कुणाच्याच घरची ती नव्हती. म्हणजे कुणाचाही वरचष्मा नको म्हणून मधे घ्यायची भाषा मराठी! तिथे मराठीला जी नोकरी होती, ती डोंबिवलीत काकांनी हिंदीला देऊन टाकली. तीही अर्ज मागवल्याशिवाय.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्यानंतरच्या २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, सोसायटीने मराठी भाषा गौरव दिन जोरात करायचं ठरवलं आणि भाषणाला काकांना उभं केलं. काका बोलले, आणि उत्तम बोलले. शिवाजी महाराजांच्या राजव्यवहारकोशापासून सुरुवात केली. फारसी शब्दांनी भरलेल्या कारभारात महाराजांनी संस्कृत प्रतिशब्द आणवले, तेव्हा भाषा हा राज्याचाच भाग असतो, वगैरे. मग १९६४चा राजभाषा अधिनियम, मग आपण. "दोन मराठी माणसं रस्त्यात भेटली," काकांचा आवाज चढला, "की हिंदीत बोलतात! याची लाज वाटली पाहिजे! मराठी माणसाने मराठीतच..." इथे माईकने शिट्टी मारली. काकांनी तोंड न वळवता, त्याच आवेशात, माईकवर हात ठेवून म्हटलं, "अरे, आवाज थोडा कम करो ना! और वायर को पाय मत लगाव!"

माईकवाला आमच्याच गल्लीतला, आडनावाने पवार.

टाळ्या कडकडून पडल्या. आपण कशाला टाळ्या घेतल्या हे काकांना आजतागायत कळलेलं नाही. आभारप्रदर्शनानंतर त्यांनी पवाराला बोलावून पेढा दिला. "लो. आज हमारे भाषा का दिन है."

अशा माणसांना मराठी वृत्तपत्रांत एक ठरलेलं निदान असतं : न्यूनगंड. त्यावरचे अग्रलेख वाचतच आमची पिढी मोठी झाली, आणि काही लोकांच्या बाबतीत ते खरंही आहे. बड्या हॉटेलात शिरताना आवाज बारीक करणारी मंडळी मी पाहिली आहेत. काका त्यांतले नाहीत. ते बड्या हॉटेलातही मोठ्याने 'इसमें मीठ कम है' म्हणतात.

काका रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. कुर्ला, घाटकोपर, दादर, ठाणे, सगळीकडे खिडकीमागे. नोकरीची पहिली अनेक वर्षं पुठ्ठ्याच्या तिकिटांची. तिकीट खेचायचं, तारखेच्या यंत्रात घालून खटकन दाबायचं, सुटे पैसे मोजायचे, पुढचा. खिडकीला खाली जेमतेम हात शिरेल एवढी अर्धगोल फट. "चेहरा दिसतच नाही रे," ते मला एकदा गॅलरीत बसून सांगत होते. "हातच येतात नुसते. मासळीचा वास असलेले, मेंदी लावलेले, रंगाने माखलेले. पावसाळ्यात नोटा ओल्या. हात बघून भाषा कशी कळणार? आणि मागे रांग. गाडी प्लॅटफॉर्मला लागतेय. त्यात कुणाला दोनदा विचारावं लागलं तर गाडी चुकायची त्याची. मग सगळ्यांना एकच भाषा. कुणी थांबायला नको."

मी गप्प बसलो. एवढी वर्षं ज्या सवयीवर मी सोसायटीच्या जिन्यात नकला केल्या, ती मुळात कुणाची तरी सात बावन्न चुकू नये म्हणून लागलेली होती. निवृत्त होऊन जमाना झाला. आता मागे रांग नाही, पण काकांना ती अजून ऐकू येते. रिक्षात, भाजीवाल्याकडे, प्लंबरसमोर. समोर आलेला प्रत्येक अनोळखी माणूस म्हणजे फटीतून आत आलेला हात, आणि त्याला लवकर मोकळं करायचं.

हे सगळं मान्य केलं तरी माझी तक्रार शिल्लक राहते. आपल्या या चांगुलपणाला एक टोक आहे. परक्याची अडचण होऊ नये म्हणून आपण त्याच्या भाषेत जातो, ठीक. पण तो आपल्या भाषेत आला, दारात उभा राहिला, नीट विभक्तिप्रत्यय लावून 'घ्या ना काका' म्हणाला, तरी आपण त्याला आत बोलावत नाही. पाहुण्याला आयुष्यभर पाहुणाच ठेवतो, आणि वर कुरकुरतो की ही माणसं इतकी वर्षं इथे राहतात पण मराठी शिकत नाहीत. ज्याने शिकून घेतलं, त्याला दाखवायला आपण गिऱ्हाईकच ठेवलं नाही.

हे मी भाजीवाल्याला एकदा बोलून दाखवलं. सहानुभूती म्हणूनच. तो मटार मोजत होता. "काकांचा राग येत नाही का हो?"

"राग कशाला?" तो म्हणाला. "उलट काका आहेत म्हणून माझी हिंदी टिकलीय. घरी आम्ही भोजपुरी बोलतो. धंद्यावर दिवसभर मराठी. पोरं शाळेतून आली की इंग्रजी फेकतात. हिंदी बोलायला मला एक काकाच आहेत." काटा सरळ झाला, त्याने चार शेंगा वरून टाकल्या. "फक्त गावाला गेल्यावर पंचाईत होते."

"का?"

"यंदा लग्नाला गेलो होतो. बाजारात भेंडी घ्यायला उभा राहिलो आणि तोंडातून गेलं, 'ये भेंडी जून है.' तो भाजीवाला बघतच राहिला. म्हणतो, भैया, अभी तो अप्रैल चल रहा है. सगळा बाजार हसला. बायको अजून चिडवते."

मी हसत हसत दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि काकांना हा किस्सा साग्रसंगीत सांगितला. म्हटलं, बघा, तुमची हिंदी आझमगढपर्यंत पोहोचली आणि तिथे कुणाला कळली नाही. काकांनी शब्दकोड्यातून मान वर केली, क्षणभर विचार केला.

"त्या लोकांना हिंदी येत नसेल," ते म्हणाले, आणि उभ्या ओळीतली वेलांटी दीर्घ केली.