दयाळू तरतूद

अमेरिकेत 2025 साली चार संघांनिशी सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक सॉफ्टबॉल लीगमध्ये, 43 फुटांवरून कंबरेजवळून सुटलेला चेंडू सोडावा की टोलवावा, याचा निवाडा फलंदाज अर्ध्या सेकंदाच्या आत करते. परंतु तोच चेंडू, मनगटाच्या झटक्यासह, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मंदगतीने पुनःपुन्हा न्याहाळणारा रसिक मात्र पडदा मिटावा की नाही, हा दावा मध्यरात्रीपर्यंत तहकूब ठेवतो. सामना सात डावांचा. आघाडी फारच फुगली तर तो मुदतीपूर्वीच आवरता घेण्याची दयाळू तरतूदही नियमावलीत आहे. (आंतरजालाच्या कारभाऱ्यांना ती अद्याप सुचलेली नाही.) तशी रसिकाने स्वतःवर अर्ध्या तासाची मर्यादा घातलेली आहेच, मुदत संपताच यंत्र अदबीने इशारा देते, आणि तो ‘आणखी पंधरा मिनिटे’ असा शेरा मारून स्वतःचाच अर्ज स्वतःच मंजूर करतो.