मानाची जागा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सालदारांचं साल बदलतं, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात आणि पुरुष तीन पत्तीला. 1887 च्या जुगारबंदी कायद्याला आखाजी ठाऊक नाही; आखाजीलाही तो कायदा ठाऊक नाही. एरंडोल-धरणगावाकडच्या अशा बैठकीत धुळ्याचे एक दाजी हमखास सापडतात. पेशा बहुधा गणिताच्या मास्तरांचा.

आमरस-पुरणपोळी चेपून दाजी आले की मेव्हणे सरकतात. "बठा दाजी, बठा! मानाची जागा तुमचीच." ही जागा वाटणाऱ्याच्या लगेच पुढची. लोड तिथेच, कूलरचा वारा तिथेच आणि पहिलं बोलणंही तिथूनच. कोणाच्या मनात काय आहे याचा पत्ता नसताना दाजींनी तोंड उघडायचं.

दाजींना पानं वाईट येतात असं नाही. पण ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळणं त्यांच्या रक्तात नाही. सोयरीकसुद्धा त्यांनी सातबारा बघून केली. ते पानं उचलतात. एक्क्यांची जोडी! तीन पानांच्या 22,100 जुळण्यांपैकी 16,440 जुळण्यांत जोडी किंवा तिच्याहून मोठं काहीच नसतं, हे त्यांना तोंडपाठ. (तीन सारख्या पानांच्या ट्रेलचे प्रकार 52 आणि एकाच रंगाच्या सलग पानांच्या प्युअर सिक्वेन्सचे 48, तरी ट्रेल मोठा कसा, यावर ते दरवर्षी वाद घालतात.) मग दाजी चष्मा सारखा करतात, मांडी मोडून ताठ बसतात आणि समोर आलेला चहा परत पाठवतात. सासुरवाडीत चहा नाकारणारा जावई म्हणजे हातात एक्के, हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. दाजींनी दणकून चाल टाकली की सगळे पॅक. हाती येतो नुसता बूट, म्हणजे डावाआधी सगळ्यांनी टाकलेले पैसे.

पुढच्या डावाला दाजी हुशारी करतात. तीन राजे आले तरी चेहरा पाडून छोटी चाल. आता कोणीच पॅक होत नाही, पण कोणी पानंही बघत नाही. हळूहळू उरतो धाकटा मेव्हणा, ब्लाइंड. तो सांजोरी खात दहा टाकतो, पानं बघितलेल्या दाजींना वीस टाकावे लागतात. ब्लाइंडवाल्याकडे शो मागायचा नाही, हा बैठकीचा नियम. दहा, वीस. दहा, वीस. खिशात परतीच्या एसटीचे पैसे उरतात तेव्हा दाजी तीन राजे पालथे टाकतात.

जिंकेल त्यानं वाटायचं, असाही नियम आहे. जिंकलेला मेव्हणा दाजींच्या अगदी अलीकडे बसलेला.

"जागा बदलू या का जरा?" दाजी विचारतात.

ओसरीवरून सासरे गरजतात, "जावयाला उठवता? लाज आहे का?"

मेव्हणा लोड दाजींच्या पाठीशी नीट सरकवतो आणि पिसायला घेतो.